फुकटातला समुद्र

आमच्या जळगावच्या घरमालकांची आणि माझी पहिली खरी ओळख औषधाच्या दुकानात झाली, आणि त्या पहिल्याच ओळखीत मी त्यांच्यावर ओरडले. धुळ्याहून सामान हलवून आम्हाला आठवडाही झाला नव्हता. नवरा वरच्या मजल्यावर तापाने फणफणला होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळ्या घेऊन मी पैसे देणार, एवढ्यात मागून हाक आली, "मॅडम, थांबा! पैसे देऊ नका!" वळून पाहिलं तर आमचे घरमालक, नाना. पायात स्लिपर, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा आणि हातात चष्म्याचं घर. त्या घरात क्रेडिट कार्डं होती. "औषधाला तीन नंबरच्या संचावर पाच पट पॉइंट आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "मी स्वाइप करतो, तुम्ही मले रोख द्या. तुमचं काही जात नाही, माझं काम होतं."

माझं काही जात नव्हतं म्हणे! मशीनला रेंज नव्हती. दुकानदार मशीन घेऊन रस्त्यावर गेला, त्याच्यामागे नाना गेले, मग दोघेही समोरच्या रसवंतीच्या ओट्यावर चढले आणि मशीन डोक्यावर धरून उभे राहिले. मी इकडे गोळ्यांची पिशवी घेऊन तशीच. शेवटी मी काय वाटेल ते बोलले, काउंटरवर पैसे आपटले आणि घरी आले. थोड्या वेळाने नाना वर आले. मला वाटलं, ताप कसा आहे ते विचारायला आले असतील. तेही त्यांनी विचारलं, पण त्याआधी म्हणाले, "राग सोडा मॅडम. पण पुढच्या गोळ्या आणायच्या आधी मले एक हाक मारा."

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये, काट्यांकडे बघण्यात गेलेली. वीज केंद्रात जसे वीज तयार करणारे संच असतात, एक नंबर, दोन नंबर, तसे नानांच्या चष्म्याच्या घरात कार्डांचे संच होते. पेट्रोल एक नंबरवर, किराणा दोनवर, औषधं आणि हॉटेल तीनवर. चार नंबर स्टँडबाय, म्हणजे बाकीच्यांपैकी कोणी दगा दिला तर उभा करायचा. "लोड वाटून टाकायचा असतो मॅडम. एकाच संचावर सगळा लोड टाकतो तो ऑपरेटर कसला?" असं ते मला ऐकवत. बिलाची तारीख जवळ आली की तो संच देखभालीसाठी बंद. मग घरात तेलाचा थेंब नसला तरी तेल येत नसे, कारण दोन नंबर बंद. अशा वेळी अक्का, म्हणजे नानांची बायको, जिन्यावरून माझ्याकडे वाटी घेऊन यायच्या.

एक मात्र कबूल करायला हवं. व्याज म्हणून या माणसाने बँकेला कधी दमडी दिली नाही. बिल वेळेच्या आधी भरत. त्यामुळेच कोणाला त्यांना काही बोलता येत नसे, आणि न बोलता आल्यामुळे आमची सगळी गल्ली आतल्या आत धुमसत असे. कोणी गाडीत पेट्रोल भरायला निघालं की नाना त्याच्यामागे बसणार, पंपावर आपलं कार्ड लावणार आणि त्याच्याकडून रोख घेणार. शेजारचे मास्तर तर नाना दिसले की गाडी ढकलत मागच्या गल्लीतून न्यायचे.

हे सगळं कशासाठी, तर समुद्रासाठी. अक्कांना समुद्र बघायचा होता. अक्कांचं माहेर धुळे तालुक्यातलं. मी धुळ्याची म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी शुद्ध बोलणं पहिल्याच दिवशी सोडून दिलं आणि अहिराणीवर आल्या. संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन वर यायच्या, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या आणि सांगायच्या, "समुद्रमा उभं ऱ्हायनं ना माय, का पायखालनी वाळू सरकस म्हने. मन्ही बहीण देखी उनी. माले ते देखानं शे. आनि ह्यास्नासंगे देखानं शे. ह्यास्नी बठ्ठी नोकरी शिफ्टमा गयी, आम्ही दोन्हीजन कथाच गयात नही." हे सांगताना त्या गुडघा चोळत असायच्या. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या जिना सरळ चढत. पुढच्या वर्षी कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत. डॉक्टर म्हणाले, चालता येतंय तोवर जिथे जायचं तिथे जाऊन या. हे त्यांनी नानांच्या समोर सांगितलं होतं.

"नेणार ना!" नाना म्हणत. "पण फुकटात नेणार. विमानानं नेणार, समुद्रासमोरच्या हॉटेलात ठेवणार. मुलगा, सून, नात, सगळे बरोबर. आणि खिशातून रुपया जाणार नाही."

मी शाळेत गणित शिकवते, हे नानांना कळलं ते माझं दुर्दैव. रविवार उजाडला की ते मोबाइल घेऊन हजर. एका पॉइंटचे रोख पैसे घेतलेले बरे, की तोच पॉइंट विमान कंपनीकडे वळवलेला बरा? एका कार्डावर हॉटेलच्या रात्री मिळतात, दुसऱ्यावर विमानतळाच्या लाउंजमध्ये जेवण मिळतं, तर पाच माणसांच्या कुटुंबाला फायद्याचं काय? मी पोह्यांची फोडणी करता करता उत्तर द्यायची. नाना मान डोलवायचे, खाली जायचे आणि परत वर यायचे. "पण मॅडम, नात पाच वर्षांच्या आतली आहे, तिला लाउंजमध्ये फुकट घेतात का?" मी म्हणायची, नाना, आधी लाउंजपर्यंत तर जा! पॉइंट भरत आले की कंपनी नियम बदलायची, मग नाना सगळे पॉइंट दुसरीकडे वळवायचे, मग तिथे थोडे कमी पडायचे. ते थोडे भरायला खरेदी. त्या घरात दोन मिक्सर होते. तेलाशिवाय तळणारं एक यंत्र होतं, त्यात अक्का पापड ठेवत. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, पॉइंटांसाठी घेतलेल्या या वस्तू विकल्या तरी तुम्ही सगळे विमानानं जाऊन याल." नाना विचारात पडले. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग त्यांनी विचारलं, "जुन्या वस्तूंच्या साइटवर कार्डानं खरेदी केली तर पॉइंट मिळतात का हो?"

भरताच्या पार्टीची गोष्ट तर मी अजून माहेरी सांगते. हिवाळ्यात नानांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणत, यावलकडच्या आपल्या शेतात भरीत करायचे. केळीच्या बागेशेजारी कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची, बडग्याने ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. त्या वर्षी नानांनी वांगी आणायचं काम अंगावर घेतलं. आता जळगावात भरताची वांगी कुठली आणायची हे शेंबड्या पोरालाही कळतं. हिरवट पांढरी, मोठी, बाजारात बाया ढीग लावून बसलेल्या असतात. पण त्या बाईकडे मशीन नव्हतं. मोबाइलवर पैसे घ्यायला ती तयार होती, पण तसे दिले तर नानांना पॉइंट नव्हते. म्हणून नाना गेले मॉलमध्ये, आणि तिथून प्लास्टिकच्या वेष्टनातली जांभळी, चकचकीत वांगी घेऊन आले.

आबांनी पिशवी उघडली आणि एक वांगं काढून उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "काय आणलं रे हे? जळगावचा माणूस तू, भरताले मॉलमधून वांगे आणतो?" वांगी भाजली तशी आत नुसत्या बिया, आणि कडू. तीसेक माणसं पुऱ्या, कांदा आणि ठेचा खाऊन उठली. परतताना मी गाडीत नानांच्या शेजारी होते, माझ्या तोंडाला त्या भरताची चव तशीच होती, आणि हे गृहस्थ मला समजावत होते, "वांगे फसले, ते खरं आहे. पण भाजीपाल्यावर दहा पट होते मॅडम!"

त्याच दिवशी आबांनी मला एक सांगितलं. नोकरीत असताना नानांना कुटुंबासह प्रवासाची सवलत मिळायची. त्यांनी ती एकदाही घेतली नाही. कोणी अडवलं नव्हतं. आपण रजेवर गेलो आणि मागे संच बंद पडला तर, एवढंच त्यांच्या मनात. दर वेळी मुदत संपायची आणि सवलत जायची. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा अक्का म्हणाल्या, आता चला, तर सवलत उरलेलीच नव्हती. तेव्हापासून त्यांना फुकट मिळू शकणाऱ्या गोष्टीला पैसे द्यायचे म्हणजे दुसऱ्यांदा लुटलं गेल्यासारखं वाटतं, असं आबांचं म्हणणं. मला ते पटलं. मला नानांचं वाईटही वाटलं. पण कारण कळलं म्हणून राग जातो असं नाही. निदान माझा जात नाही.

आणि मग एका श्रावणाच्या आधी नाना पेढे घेऊन वर आले. झालं होतं! गोव्याची पाच तिकिटं, समुद्रासमोरचं हॉटेल, सगळं पॉइंटवर. इतक्या कमी पॉइंटांत, की त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. चारही कार्डं, विमान कंपन्या, हॉटेलं, सगळ्यांची तुलना करून त्यांनी तो एकच रविवार शोधून काढला होता. मी खरंच आनंदले. अक्का तर दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून गेल्या आणि वाळूत चालायला रबरी सँडल घेऊन आल्या. मला दाखवायला त्या घालून जिना चढल्या. मधे दोनदा बसल्या, पण चढल्या.

"तारीख कोणती शे व माय?" त्यांनी मला विचारलं. नानांनी त्यांना नुसतंच 'श्रावणात' सांगितलं होतं. मी तारीख सांगितली. अक्कांनी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही खानदेशचीच, मला सांगावं लागलं नाही. नागपंचमीनंतरचा तो रविवार. कानबाईचा, आमच्या खानदेशच्या देवीचा रविवार! आणि त्या वर्षी कानबाई बसायची पाळी नानांच्या घरी होती. सगळे भाऊबंद त्यांच्याकडे येणार, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून दळलेल्या गव्हाचे रोट होणार, ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. अशा दिवशी ज्या घरात देवी बसायची त्या घराला कुलूप लावून यजमान गोव्याला!

"कानबाईले सोडीसन कोठे जासू मी?" एवढंच अक्का म्हणाल्या आणि सँडल काढून हातात घेऊन अनवाणी खाली गेल्या.

नानांनी हार मानली नाही. पॉइंटवरची तिकिटं बदलता येत नव्हती, पॉइंट परत मिळत नव्हते, म्हणून त्यांनी आबांना फोन लावला. कानबाई पुढच्या रविवारी बसवली तर? फोनवरचा आबांचा आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू आला. "तुह्या कार्डासाठी देवीनं तारीख बदलायची? लाज वाटते का रे तुले?" मग मी खाली गेले. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, आणि भर पावसाळ्यात समुद्रात कोणी उतरू देत नाही. लाल झेंडे लावतात. अक्कांनी काय हॉटेलच्या खिडकीतून वाळू बघायची होती?"

नानांचा चेहरा एकदम उजळला. "असं आहे होय! म्हणून इतक्या कमी पॉइंटांत मिळालं!" कोडं सुटल्याचं इतकं समाधान त्या चेहऱ्यावर होतं, की मी सरळ वर निघून आले आणि कणिक तिंबत बसले.

तो रविवार उजाडला. घर पाहुण्यांनी भरलेलं, कानबाईची गाणी चाललेली, अक्का एका पायावर भार देत सगळ्यांना वाढत होत्या. गच्चीवर कपडे काढायला गेले तर नाना तिथे एकटेच. ढगांतून विमानाचा आवाज आला. दिसलं काही नाही. "आपल्या पाच जागा रिकाम्या चालल्या," ते म्हणाले. त्या वेळी मला त्यांची दया आली, हे लिहून ठेवते, कारण पुढच्याच महिन्यात त्यांनी पाच नंबरचा संच घेतला.

दिवाळीनंतर अक्कांनी वर येणं सोडलं. त्या खालून हाक मारायच्या आणि मी वाटी न्यायला उतरायची. एक दिवस मी उतरले तेव्हा नाना झोपाळ्यावर बसून पाच नंबरचे फायदे वाचत होते आणि अक्का आतून भिंत धरधरून बाहेर येत होत्या. माझा तोल गेला. "नाना, रेल्वेचं तिकीट काढा. नाहीतर एसटीनं जा. पैसे आहेत तुमच्याकडे, पेन्शन आहे. कशाची वाट बघताय? पॉइंट संपले तर पुन्हा मिळतील, अक्कांचे गुडघे मिळणार आहेत का?"

"रोखीनं तर कोणीही जातं मॅडम," नाना शांतपणे म्हणाले. "फक्त उन्हाळ्यापर्यंत थांबा. हा संच फार चांगला आहे."

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नानांकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "तुन्ही माय कोकणमा जाई राह्यनी म्हने ना, भिशीन्या बायास्नासंगे? माले नेशात का?"

माझ्या आईची धुळ्याची भिशी दर हिवाळ्यात कुठेतरी जाते. बायका पैसे जमवतात, एक छोटी बस ठरवतात आणि शेव-मुरमुऱ्याचे डबे घेऊन निघतात. मी आईला फोन केला. दोन जागा अक्कांसाठी धरल्या, एक त्यांची आणि एक नानांची. मीही रजा टाकली. अक्कांनी पैसे दिले ते माहेरहून दर भाऊबीजेला मिळालेले, बाजूला ठेवलेले, आणि रोख.

निघायच्या सकाळी नाना जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या एसटीपर्यंत सोडायला आले. अक्कांची पिशवी त्यांनी स्वतः वर चढवली, त्यांना खिडकीची जागा बघून दिली. मी दारातून म्हटलं, "नाना, धुळ्याहून निघणाऱ्या बसमध्ये तुमची जागा धरलेली आहे. अजूनही चला. कपड्यांचं काय, वाटेत घेऊ." ते पायरीपर्यंत आले. खरंच आले, एक पाय पायरीवर ठेवला होता. मग म्हणाले, "तुम्ही बघून या. आपण उन्हाळ्यात सगळे जाऊ, विमानानं." गाडी सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते, आणि अक्का समोर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अक्कांना समुद्रात नेलं. एका बाजूने आई, एका बाजूने मी. ओल्या वाळूपर्यंत पोचायलाच किती वेळ लागला. गुडघ्यात कळ येत होती, ओठ घट्ट मिटलेले होते. मग लाट आली, घोट्यांवरून गेली आणि मागे फिरली. अक्का ओरडल्या, "सरकनी! सरकनी व माय!" आणि अशा हसायला लागल्या की आई पण हसायला लागली, आणि मला रडू आलं. तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. नाना. मी व्हिडिओ लावला आणि आईच्या भरवशावर अक्कांना सोडून समोर उभी राहिले.

"पोचलात का? हॉटेलवाला कार्ड घेतो का?" पडद्यावर त्यांचं कपाळच तेवढं दिसत होतं. मी दातओठ खात फोन अक्कांकडे फिरवला.

लाट पुन्हा आली, अक्का डगमगल्या, आईने सावरलं. त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पाहिजे व्हतात आठे."

"उन्हाळ्यात येऊ ना आपण," नाना म्हणाले. "मी आणतो ना तुला, विमा..."

"उन्हाळामा मी काठवर बठी ऱ्हासू," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आते उभी शे. आते देखी ल्या."

नानांनी फोन जरा दूर धरला असावा, कारण आता त्यांचा सगळा चेहरा दिसायला लागला. त्यांनी चष्मा लावला. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की फोन समुद्रात भिरकावून द्यावासा वाटत होता. माझा हात भरून आला, पण अक्का उभ्या होत्या तोवर मी तो खाली घेतला नाही.